शिष्यवृत्तीची अंकलिपी

कल्याण सुटल्यावर बदलापूर-कर्जतकडे जाणारी लोकल पहिल्यांदा थांबते, ते आमचं विठ्ठलवाडी. चुकून टिटवाळा गाडीत चढलात तर शहाड येईल. उतरा, परत या. शिष्यवृत्तीच्या कामात परत येण्याची सवय लवकर लागलेली बरी.

फलाटावर उतरलात की आधी पाटी बघा. मराठीत विठ्ठल पुरता आहे, इंग्रजीत मात्र रेल्वेनं त्याचा एक ‘टी’ वाचवला आहे. उद्या साक्षात पांडुरंगानं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरला, तर ‘दाखल्यावरील नाव आणि आधारवरील नाव यात तफावत’ असा शेरा बसून तो परत येईल. कंबरेवर हात ठेवून उभं राहण्याचं कारण मला दाखल्यांच्या सेतू केंद्राच्या रांगेत कळलं.

ही अंकलिपी नवशिक्यांसाठी आहे. बारावीचा निकाल लागला आहे, पेढे वाटून झाले आहेत आणि कॉलेजच्या फीचा आकडा ऐकून घरात सगळे एकदम हळू बोलायला लागले आहेत, अशांसाठी.

पाठ पहिला: माणूस

माहितीपत्रकात पात्रता म्हणून गुण, उत्पन्न, जात, अधिवास एवढंच लिहिलेलं असतं. एक अट छापायची राहून गेली आहे. घरात एक रिकामा माणूस हवा.

रिकामा म्हणजे निकामी नव्हे. ज्याला कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता रांगेत उभं राहता येतं आणि त्याबद्दल कुणी पगार कापत नाही, तो रिकामा. ज्या घराला शिष्यवृत्ती लागते, त्या घरात नेमका हाच प्राणी नसतो. बाप डोंबिवलीच्या एमआयडीसीत पाळीवर, आई उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात धागे कापायला, आजी गावाला. एका दाखल्याचे तीन हेलपाटे म्हणजे तीन खाडे. तीन खाड्यांची मजुरी शिष्यवृत्तीतून वजा करा, म्हणजे खरी रक्कम कळेल. हे गणित पोर्टलवर नाही.

इतिहास बघा. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, पुढच्या शिक्षणाला घरात पैसा नव्हता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी मध्ये पडून सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. बडोद्याचे महाराज सगळ्यांना आठवतात. महाराजांपर्यंत जाऊन शब्द टाकणारे गुरुजी कमी जणांना आठवतात. अर्जदार कितीही हुशार असो, त्याच्यासाठी उंबरठे झिजवणारा कुणीतरी लागतोच.

दुसरं उदाहरण तर आमच्या शेजारच्या स्टेशनातलं. कल्याणच्या जोश्यांची यमुना, म्हणजे लग्नानंतरची आनंदीबाई. नवरा गोपाळराव टपाल खात्यात कारकून. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून या गृहस्थानं १८८० साली वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं: ख्रिस्ती व्हा, मग बघू. आपण उत्पन्नाच्या अटीला वैतागतो! पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला आणि न्यू जर्सीच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडला. त्या तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. त्यांनी आपणहून पत्र लिहिलं. धर्म न बदलता आनंदीबाई १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ला डॉक्टर झाल्या. गोपाळरावांचा स्वभाव वाईट होता, हे खरंच आहे. पण पत्रं टाकत राहण्याची चिकाटी त्यांच्यापाशी होती. शिवाय टपालात नोकरी, म्हणजे उत्तर येईपर्यंत वाट बघण्याचा सराव.

तेव्हा पहिली कृती: असा माणूस शोधा. निवृत्त मामा, नोकरी सुटलेला दादा, रात्रपाळीची वहिनी, कुणीही चालेल. घरात नसेल तर चाळीत शोधा. त्याला चहा विचारत जा.

पाठ दुसरा: योजना

हा पाठ मी लहान ठेवतो, कारण योजना सापडणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड भाग पुढे आहेत.

राज्य सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटीवर, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यावर गेलात तर फ्रीशिप, म्हणजे फी माफ पण हातात भत्ता नाही. खुल्या प्रवर्गातल्यांना आठ लाखांच्या आत राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, शिक्षणाची निम्मी फी माफ. बाहेरगावी राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. बारावीत बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती. ही आमच्याकडे फार कमी मुलं भरतात. सगळी वर्दळ महाडीबीटीकडे आणि हा पलीकडचा दरवाजा उघडाच.

मुलींसाठी आणखी एक. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, उत्पन्न आठ लाखांच्या आत. पण प्रवेश कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही माफी विसरा. हे वाक्य दोनदा वाचा. आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या वडिलांनी ते एकदाही वाचलं नव्हतं.

व्हॉट्सॲपवर ‘सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, हा मेसेज दहा जणांना पाठवा’ असं येतं, ती योजना नव्हे.

आणि एक गोष्ट मनाशी पक्की करून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. एका कॉलेजात, नाव सांगत नाही, खिडकीतून आवाज आला होता, “स्कॉलरशिपवाले बाजूला उभे राहा, आधी पैसे भरणारे.” माझी भाची बाजूला झाली. रडली नाही, पण घरी येईपर्यंत बोललीही नाही. मी तिला सांगितलं ते असं. मुलं जिला ‘जीओआय’ म्हणतात ती भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४पासून चालू आहे. स्वातंत्र्याच्याही आधीपासून. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी १९४२ साली निवेदन देऊन दलितांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला, त्या मागणीतून ती आली. स्वतः ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, १९१३ साली कोलंबियाला गेले होते. करार होता, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. १९१७ला मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. शिष्यवृत्तीची मुदत आणि शिक्षणाची मुदत जुळत नाही तेव्हा काय होतं, हे त्या माणसाला ठाऊक होतं. खिडकीतल्या बाईंना त्यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. तुम्हाला असायला हवं.

पाठ तिसरा: आजोबा

ज्यांना जातीचा दाखला लागत नाही त्यांनी हा पाठ गाळला तरी चालेल. पण वाचा. शेजारच्या घरात काय चाललं आहे ते कळेल.

नवशिक्याला वाटतं, जात कोण विसरतंय? वरातीत, भाड्यानं खोली बघताना, डब्यातल्या भाजीवरून, सगळ्यांना ती आपोआप कळते. फक्त सरकारला कळत नाही. सरकारला कागद लागतो, आणि तोही तुमचा नव्हे, आजोबांचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांना ‘मानीव दिनांक’ म्हणतात. त्या तारखेला किंवा तिच्या आधी तुमचं घराणं महाराष्ट्रात होतं आणि त्याची जात अमुक होती, हे दाखवायचं. त्या दिवशी आजोबा जिथले रहिवासी होते, तिथल्या प्रांतांकडून दाखला घ्यायचा.

आता विठ्ठलवाडी डोळ्यांसमोर आणा. स्टेशनच्या एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांचं गाव, ब्रिटिशांच्या लष्करी छावणीत वसलेलं. म्हणून अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’. आणि कल्याण पूर्व म्हणजे कोकण, घाट, खानदेश, मराठवाडा यांची चाळीचाळींतली भेळ. इथं १९५० साली कुणाचे आजोबा राहत होते? आगरी-कोळी घरं सोडली तर फारसे नाहीत. बाकी सगळे कुठून ना कुठून पोट घेऊन आले. म्हणजे शिष्यवृत्ती विठ्ठलवाडीत, कॉलेज कल्याणात आणि पुरावा जालन्यात.

कृती अशी. विठ्ठलवाडीच्या एसटी आगारातून किंवा कल्याणहून गावची गाडी धरा. आजोबा ज्या जिल्हा परिषद शाळेत गेले असतील ती शोधा. जनरल रजिस्टरचा उतारा मागा. मुख्याध्यापक कपाट उघडतील. त्यात वाळवी असेल. वाळवीनं १९४८ ते ५२ एवढीच पानं खाल्लेली असतात, हा माझा अनुभव आहे. वाळवीला मानीव दिनांक पाठ असावेत. पान सापडलंच, तर आजोबांचं नाव ‘गण्या’ असं लिहिलेलं असेल, आडनावाच्या जागी रेघ. तुमच्या आधारवर ते गणपतराव आहेत. गण्या आणि गणपतराव एकच, याचं प्रतिज्ञापत्र करा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा बघा, आत्याआजी बघा, गाव नमुन्यातल्या जुन्या नोंदी बघा. मग वंशावळ काढा. आमच्या भाचीच्या वर्गमित्राला वंशावळ काढताना एक सख्खा चुलता सापडला, त्याच्याबद्दल घरात तीस वर्षं कुणी बोललं नव्हतं. जमिनीचं भांडण. त्याच चुलत्याकडे जात वैधता प्रमाणपत्र होतं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचा पडताळणी समितीचा कागद. वडिलांकडच्या नात्यात कुणाचं वैधता प्रमाणपत्र असलं की आपलं काम निम्म्यानं सोपं होतं. त्या दिवाळीला दोन्ही घरं एकत्र जेवली. जात पडताळणी समितीनं महाराष्ट्रात किती भाऊबंदक्या मिटवल्या, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा. मी गमतीनं म्हणत नाही.

जुलैत प्रवेशाच्या वेळी धावाधाव करू नका. मूल अकरावीला गेलं की सुरुवात करा. या अख्ख्या अंकलिपीतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पाठ चौथा: गरिबी सिद्ध करणे

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. तो ३१ मार्चला शिळा होतो. एक एप्रिलला तुम्ही कालच्याइतकेच गरीब असता, पण दाखला नवा लागतो.

विठ्ठलवाडीकराला इथं आणखी एक पेच. कल्याण तालुका वेगळा, उल्हासनगर तालुका वेगळा. रूळ ओलांडला की महापालिका बदलते, तहसील बदलतं. तुम्ही भाड्यानं राहता, मालकानं घर रिकामं करायला सांगितलं, तुम्ही पलीकडे गेलात. रेशन कार्डावर जुना पत्ता, वीज बिलावर घरमालक, आधारवर गाव. आता तुम्ही नक्की कुठल्या तालुक्यात गरीब आहात? हे ठरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

प्रतिज्ञापत्राबद्दल. ऑक्टोबर २०२४मध्ये शंभराचा स्टॅम्प पेपर बंद होऊन पाचशेचा झाला. मग मार्च २०२५मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की जात, उत्पन्न, अधिवास असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना स्टॅम्प पेपर लागणारच नाही. साध्या कागदावर चालतं. तरीही कुणी पाचशेचा मागितला, तर भांडू नका. “शासनाचा आदेश आहे ना, साहेब?” असं अजाण चेहऱ्यानं विचारा. ‘साहेब’ म्हणायला विसरू नका. आणि २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यानं कुठला दाखला किती दिवसांत द्यायचा, ते ठरलेलं आहे. त्याची पाटी कार्यालयात असते. बहुधा कपाटामागे. ती मुदत टळली तर अपील करता येतं. मी एकदा केलं. दाखला तिसऱ्या दिवशी आला आणि त्यात आमचं आडनाव चुकलेलं होतं.

पाठ पाचवा: केबी

पोर्टलवर प्रत्येक कागद १५ ते २५६ केबीत बसवायचा असतो. म्हणजे आजोबांचं वाळवीनं खाल्लेलं पान, वंशावळ, गावची ती दोन दिवसांची खेप, हे सगळं २५६ केबी. सायबरवाला कागद इतका दाबतो की अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. मग अर्ज ‘कागदपत्र अस्पष्ट’ म्हणून सेंड बॅक होतो. स्पष्ट केलात तर केबी वाढतात. मधली वाट कुठेतरी आहे. आमच्या इथल्या झेरॉक्सवाल्या पोराला ती सापडली आहे आणि तो एका कागदाचे दहा रुपये घेतो. तेवढे द्या. पण लॉगिनचा पासवर्ड त्याच्याच वहीत ठेवून येऊ नका. पुढच्या वर्षी रिन्यूअलला जाल तेव्हा त्या जागी मोमोचं दुकान असतं.

शेवटच्या आठवड्यात साइट चालत नाही. पहाटे पाचला उठा. त्या वेळी बदलापूरकडून भरून येणाऱ्या लोकल आणि महाडीबीटी, दोन्हींत जरा जागा असते. मुदत वाढते, हे खरं. वाढेल म्हणून थांबणारा ज्या वर्षी ती वाढत नाही, त्याच वर्षी सापडतो.

पाठ सहावा: पैसे कुठे गेले

अर्ज कॉलेजच्या डेस्कवरून समाजकल्याणच्या डेस्कवर जातो आणि एक दिवस मंजूर होतो. मिठाई आणू नका. पैसे खात्यात येतात, पण कुठल्या? आधारला शेवटचं जे खातं जोडलंय, त्यात. तुम्ही अर्जात कुठला नंबर लिहिला, याला काही अर्थ नाही. अनेकांचे पैसे २०१४ साली वडिलांनी उत्साहानं काढलेल्या जनधन खात्यात जाऊन निजतात. पासबुक गावच्या ट्रंकेत, शाखा बदललेली, मोबाइल नंबर बंद.

इथं मात्र घरातल्या आईला विचारा. २०२४मध्ये लाडकी बहीण योजना आली आणि आमच्या चाळीतल्या बायकांना ‘आधार सीडिंग’, ‘एनपीसीआय’, ‘केवायसी’ हे शब्द तोंडपाठ झाले. कुठल्या बँकेत कुठल्या टेबलावर जायचं, हे इंजिनीअरिंगच्या पोराला माहीत नसतं. त्याच्या आईला असतं.

रक्कम किती, हेही सांगून टाकतो, म्हणजे अपेक्षाभंग नको. अनुसूचित जातीच्या योजनेत घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला फीशिवाय हातात पडणारा भत्ता अभ्यासक्रमानुसार वर्षाला २,५०० ते ७,००० रुपये. विठ्ठलवाडी ते सीएसएमटी पास, डबा, झेरॉक्स, हे त्यात बसवून बघा. बसत नाही. पण फी माफ होते, आणि खरी लढाई तीच आहे.

सरकारी दारात सगळंच अडलं तर खाजगी संस्था बघा. ठाण्याचं विद्यादान सहायक मंडळ गरीब घरातल्या मुलांना शिक्षणासाठी पैसे देतं आणि सोबत पाठपुरावा करणारा माणूसही देतं. परदेशी जायचं तर जमशेटजी टाटांनी १८९२ला काढलेला जे. एन. टाटा एंडोमेंट आहे. पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती, परत करायची. ज्ञातिसंस्थांच्या शिष्यवृत्त्याही असतात. त्यांच्या सत्कार समारंभात दीड तास भाषणं ऐकावी लागतात, पाकिटात पाचशे एक निघतात आणि फोटो मात्र ग्रुपवर कायमचा राहतो. घ्या तरी. पाचशे एकात तीन वह्या आणि एक कंपास येतो.

भाचीचे पहिल्या वर्षाचे पैसे ती दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आली त्या आठवड्यात जमा झाले. तिनं मेसेज दोनदा वाचला आणि म्हणाली, “मामा, रिन्यूअल कधी भरायचं?”

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, म्हणजे सध्या आमच्या गल्लीतला रिकामा माणूस मीच. रविवारी दहानंतर कुणीही यावं. येताना मूळ कागद, आधारला जोडलेला मोबाइल आणि आजोबांच्या शाळेचं नाव घेऊन या. झेरॉक्स स्वतःच्या स्वतः काढून आणा.